आवाज नेमका कुठे तुटतो? इंटरनेटवरचे बोलणे, राउटर आणि अग्रक्रमाचा प्रश्न

मुळशी तालुक्यातले भरे हे गाव पिरंगुटच्या औद्योगिक पट्ट्याजवळ, घोटवडे फाट्याच्या परिसरात येते. ज्या तालुक्यात हिंजवडीचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे राहिले, त्याच तालुक्यातल्या अशा गावांत आज इंटरनेटवरून बोलणारे तीन प्रकारचे लोक सापडतात. घरून काम करणारी नोकरदार मंडळी दिवसाचे कित्येक तास मीटिंगमध्ये असतात. छोट्या कारखान्यांच्या कार्यालयांत आयपी फोन आले आहेत. आणि मुलगा किंवा मुलगी परदेशात असलेले आईवडील रात्री व्हॉट्सॲपवर बोलतात. तक्रार तिघांचीही एकच: "तुमचा आवाज कट होतोय."

त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला असतो. जास्त वेगाचा प्लॅन घ्या, महागडा राउटर घ्या, राउटरमध्ये 'क्यूओएस' नावाची सोय असते ती चालू करा. या सोयीचे काम आवाजाच्या पॅकेटांना, म्हणजे तो ज्या छोट्या तुकड्यांत पाठवला जातो त्यांना, बाकीच्या वाहतुकीपेक्षा आधी सोडणे. कल्पना जुनी आहे आणि तत्त्वतः योग्यही. मग ती चालू करूनही बहुतेक घरांत फरक का पडत नाही? या प्रश्नाभोवती गेल्या चार दशकांत बरेच संशोधन झाले, मानके ठरली, वादही झाले. त्या सगळ्याचा आढावा घेतल्यावर एक साधी गोष्ट हाती लागते. अग्रक्रमाला अर्थ असतो तो रांग असेल तिथे, आणि ती रांग आपल्या ताब्यात असेल तेव्हा. म्हणून अग्रक्रम लावण्याआधी रांग शोधावी लागते.

तारेवरचा फोन काय करत होता

जुन्या लँडलाइनच्या डिजिटल एक्स्चेंजमध्ये प्रत्येक कॉलला सेकंदाला ६४ हजार बिटांची स्वतंत्र वाट मिळे. कॉल संपेपर्यंत ती वाट दुसऱ्या कोणाला मिळत नसे. वाटा संपल्या की नवा कॉल लागतच नसे आणि 'या मार्गावरील सर्व लाइन व्यस्त आहेत' ही सूचना ऐकू येई. म्हणजे गर्दीचा भुर्दंड बाहेर थांबलेल्याला पडे, बोलत असलेल्याला नाही. फोनला लागणारी वीजही एक्स्चेंजमधूनच तारेवरून येई, त्यामुळे गावातली वीज गेली तरी फोन चाले.

त्या व्यवस्थेतही त्रास होतेच. परदेशी कॉलसाठी पुणे जिल्ह्यातच, नारायणगावजवळ आर्वी येथे १९७१ मध्ये विक्रम उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो. आवाज वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद लागे, आणि उत्तर यायला तेवढाच वेळ पुन्हा. दोघे एकदम बोलू लागत, मग दोघेही थांबत. स्वतःचाच आवाज परत ऐकू येऊ नये म्हणून प्रतिध्वनी दाबणारी यंत्रे बसवावी लागली. विलंबामुळे संभाषण बिघडते, हे इंटरनेटच्या आधीपासून माहीत आहे.

इंटरनेटने कॉल नाकारण्याची पद्धतच सोडली. येणाऱ्या प्रत्येकाला आत घ्यायचे, गर्दी झाली की सगळ्यांनी थोडेथोडे थांबायचे, फारच झाली तर काही पॅकेटे टाकून द्यायची. फाइल उतरवताना हे चालते, कारण हरवलेले पॅकेट पुन्हा मागवता येते. बोलण्यात तशी सवड नसते. उशिरा पोहोचलेला शब्द हरवल्यातच जमा. तरीही १९७० च्या दशकात अमेरिकेत अर्पानेटवर पॅकेटांतून आवाज पाठवण्याचे प्रयोग यशस्वी झाले. भारतात १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट टेलिफोनीला मर्यादित परवानगी मिळाली. आज भऱ्यासारख्या गावात 'फोन लावला' म्हणताना तो कोणत्या वाटेने गेला, याचा विचारही कोणी करत नाही.

आवाजाला लागते तरी किती?

जी.७११ या जुन्या पद्धतीत आवाज सेकंदाला ८ हजार वेळा मोजला जातो आणि दर मोजणीला ८ बिट लागतात. झाले ६४ किलोबिट. तो वीस-वीस मिलिसेकंदांच्या तुकड्यांत पाठवतात, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेटे. प्रत्येकात १६० बाइट आवाज आणि ४० बाइट पत्त्याचा मजकूर. एकूण एका दिशेला ८० किलोबिट, आणि इथरनेटच्या तारेवरचा आणखी बोजा धरला तर सुमारे ८७. २०१२ मध्ये मानक म्हणून ठरलेली ओपस ही पद्धत तर ६ किलोबिटपासून ५१० किलोबिटपर्यंत हवा तसा दर घेते आणि बोलण्यासाठी थोडक्यात भागवते.

म्हणजे १०० मेगाबिटचा प्लॅन असलेल्या घरातल्या कॉलला त्या वेगाचा हजारावा भागही लागत नाही. अडचण वेगाची नसून वेळेची आहे, हे इथेच स्पष्ट होते. वेळेची पथ्ये तीन. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा आणि ४०० च्या वर जाऊच नये. पॅकेटांच्या येण्यातली अनियमितता, म्हणजे जिटर, ३० मिलिसेकंदांच्या आत ठेवावी, असा नेटवर्क क्षेत्रातला रूढ दंडक आहे. पॅकेटे हरवण्याचे प्रमाण एक टक्क्याच्या आत असावे.

विलंबाचा हिशेब किती तंग असतो ते पाहा. पुण्याहून न्यूजर्सी सरळ रेषेतही १२ हजार किलोमीटरच्या वर आहे. काचेच्या तंतूतून प्रकाशाला दर किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे ६० मिलिसेकंद अंतरातच गेले. समुद्राखालच्या केबल सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात आणखी जास्त. पॅकेट भरायला २० मिलिसेकंद. पलीकडच्या फोनमध्ये जिटर सावरण्यासाठी काही पॅकेटे जमवून ठेवतात, त्याचे ४० धरू. एवढ्यातच १५० ची मर्यादा जवळजवळ संपते. परदेशी कॉलमध्ये गावाकडच्या टोकाला रांगेत घालवायला वेळ उरतच नाही.

लक्षणावरून दोष

वाईट आवाज हा एक आजार नाही. रोज आयपी फोन दुरुस्त करणारे तंत्रज्ञ आधी लक्षण विचारतात, आणि निम्मे निदान तिथेच होते.

आवाज तुटक येतो, अक्षरे गळतात किंवा यंत्रमानव बोलल्यासारखे वाटते, तेव्हा पॅकेटे हरवत असतात किंवा इतकी उशिरा येत असतात की फोन ती टाकून देतो. घरात कोणी फाइल चढवत असतानाच हे होत असेल तर कारण रांग आहे. घर रिकामे असतानाही होत असेल तर वायफाय किंवा बाहेरची लाइन तपासावी.

दोघे सारखे एकमेकांच्या बोलण्यावर बोलत असतील तर विलंब वाढला आहे. स्वतःचा आवाज परत ऐकू येत असेल तर बहुतेक वेळा दोष समोरच्याच्या स्पीकर आणि माइकमध्ये असतो. नेटवर्कचा विलंब तो प्रतिध्वनी फक्त जाणवण्याइतका लांबवतो. इथे राउटर बदलण्यापेक्षा समोरच्याला हेडफोन लावायला सांगणे स्वस्त.

एकाला ऐकू येते, दुसऱ्याला अजिबात नाही, हा अग्रक्रमाचा दोषच नव्हे. राउटर घरातले खासगी पत्ते बाहेरच्या एका पत्त्यामागे लपवतो, आणि त्या भाषांतरात आवाजाची परतीची वाट हरवते. कार्यालयातल्या आयपी फोनचा कॉल दर वेळी सुमारे ३२ सेकंदांनी तुटत असेल तरी संशय तिथेच घ्यावा. कॉल जोडणाऱ्या एसआयपी नियमावलीत पोच न मिळाल्यास वाट पाहण्याची मुदत मूळ अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट, म्हणजे ३२ सेकंद आहे. पोच राउटरमध्ये अडकली की मुदत संपते आणि कॉल पडतो. अनेक राउटरमध्ये 'एसआयपी एएलजी' नावाची मदतनीस सोय असते. ती मदत करण्याऐवजी हाच घोळ घालते, म्हणून आयपी फोन बसवणारे ती पहिल्यांदा बंद करतात.

या यादीत राउटरवरच्या अग्रक्रमाने बरे होणारे लक्षण मुख्यतः एकच: घरात इतर वाहतूक सुरू झाली की बिघडणारा आवाज. बाकीच्यांवर तो लावणे म्हणजे वेळ वाया घालवणे.

रांगेच्या प्रश्नावर तीन विचार

इंटरनेटच्या पॅकेटावर अग्रक्रम लिहिण्याची जागा पहिल्यापासून होती. १९८१ च्या मूळ आयपी मानकात 'सेवेचा प्रकार' म्हणून आठ बिट राखून ठेवले होते. ते वापरायचे कसे, यावर १९९० च्या दशकात दोन विचार पुढे आले.

पहिला विचार जुन्या टेलिफोनच्या जवळचा होता. कॉल सुरू होण्याआधी वाटेवरच्या प्रत्येक राउटरकडे जागा राखून घ्यायची. त्यासाठीची आरएसव्हीपी ही नियमावली १९९७ मध्ये आली. पण जगभरातल्या लाखो कॉलांची नोंद मधल्या प्रत्येक राउटरने ठेवणे व्यवहारात जमले नाही, आणि खुल्या इंटरनेटवर ही पद्धत रुजली नाही.

दुसरा विचार डिसेंबर १९९८ मध्ये 'डिफसर्व्ह' या नावाने मानक झाला. यात आगाऊ जागा राखायची नाही. पॅकेटावर वर्गाचा क्रमांक लिहायचा आणि प्रत्येक राउटरने तो पाहून आपापल्या रांगेत निर्णय घ्यायचा. आवाजासाठी ४६ हा क्रमांक रूढ झाला. कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यात, जिथे सगळे राउटर एका मालकाचे असतात, तिथे ही पद्धत उत्तम चालते. तिथेही एक मर्यादा पाळतात: अग्रक्रमाच्या रांगेला लाइनच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त जागा देत नाहीत. सगळेच अग्रक्रमाचे झाले की कोणीच अग्रक्रमाचे राहत नाही, आणि बाकीची वाहतूक उपाशी मरते.

घरगुती जोडणीत मात्र ४६ हा क्रमांक आपल्या राउटरच्या दारापर्यंतच कामाचा असतो. पुढे सेवापुरवठादार तो बहुतेकदा पुसून शून्य करतो, कारण अनोळखी ग्राहकाने स्वतःच्या पॅकेटावर लिहिलेल्या मोठेपणावर त्याने का विश्वास ठेवावा? राउटरमध्ये क्यूओएस चालू करूनही फरक न पडण्याचे हे पहिले कारण.

तिसरा विचार २०१० नंतर पुढे आला, आणि घरगुती वापरासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा ठरला. जिम गेटिस या अभियंत्याला आपल्या घरच्या इंटरनेटवर मोठी फाइल चढवताना विलंब सेकंदाच्या घरात जातो असे दिसले. स्मरणचिप स्वस्त झाल्याने उपकरणे बनवणाऱ्यांनी मॉडेम आणि राउटरमध्ये भरमसाट बफर घातले होते. पॅकेट टाकायचे नाही, साठवून ठेवायचे, हा त्यामागचा हेतू. पण फाइल पाठवणारी यंत्रणा पॅकेट हरवेपर्यंत वेग वाढवतच जाते. पॅकेट हरवतच नाही म्हटल्यावर ती पूर्ण बफर भरून टाकते आणि आवाजाचे पॅकेट त्या ढिगाऱ्यामागे अडकते. ५ मेगाबिट अपलोडच्या लाइनपुढे १ मेगाबाइटचा बफर भरला तर तो रिकामा व्हायला १.६ सेकंद लागतात. विलंबाची मर्यादा १५० मिलिसेकंद आणि एकट्या रांगेत त्याच्या दहापट वेळ. गेटिस यांनी या दुखण्याला 'बफरब्लोट' नाव दिले.

उपाय कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडला. हे तेच जेकबसन, ज्यांनी १९८६ मध्ये इंटरनेट गर्दीने कोंडल्यानंतर ती गर्दी आवरण्याचे नियम १९८८ मध्ये दिले होते. त्यांची 'कोडेल' ही पद्धत रांग किती लांब आहे हे पाहत नाही, पॅकेट रांगेत किती वेळ थांबले ते पाहते. थांबण्याचा वेळ सतत ५ मिलिसेकंदांच्या वर राहू लागला की एखादे पॅकेट टाकते आणि पाठवणाऱ्याला आवरायचा इशारा देते. त्यात प्रत्येक प्रवाहाला वेगळी छोटी रांग देण्याची भर पडली आणि 'एफक्यू-कोडेल' तयार झाली. तिच्यात सेकंदाला ५० छोटी पॅकेटे पाठवणारा कॉल आपोआप पुढे निघतो. त्याच्यावर कोणताही क्रमांक लिहावा लागत नाही. पुढची 'केक' ही आवृत्ती २०१८ मध्ये लिनक्सच्या ४.१९ या आवृत्तीत सामील झाली. ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली चालणाऱ्या राउटरांत ती 'एसक्यूएम' या नावाने मिळते.

राउटरवर प्रत्यक्षात काय करावे

रांग नेहमी सर्वांत अरुंद जागी लागते. पुण्याच्या चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजी पाडला आणि २०२३ मध्ये नवे पूल खुले झाले. तरी पौड रस्त्याने मुळशीकडे येणाऱ्याला भूगावच्या अरुंद पट्ट्यात थांबावे लागतेच. घरातही तसेच होते. राउटर आणि लॅपटॉपमधला रस्ता रुंद असतो, अरुंद जागा पुढे सेवापुरवठादाराच्या उपकरणात असते आणि रांग तिथे लागते. आपल्या राउटरमध्ये रांगच नसेल तर त्याने कोणाला पुढे सोडायचे? क्यूओएस निष्फळ ठरण्याचे हे दुसरे आणि मोठे कारण.

यावरचा तोडगा उलटा वाटतो, पण तोच काम करतो. आपल्याच राउटरचा वेग मुद्दाम थोडा कमी करायचा. मोजलेला अपलोड २० मेगाबिट असेल तर राउटरला १७-१८ ची मर्यादा घालायची, डाउनलोडलाही तसेच ८५ ते ९० टक्के. आता सर्वांत अरुंद जागा आपल्या ताब्यात आली. तिच्यावर एफक्यू-कोडेल किंवा केक चालू केली की बहुतेक घरांत आणखी नियम लिहावे लागत नाहीत. डाउनलोडच्या बाजूने हा उपाय थोडा कमजोर असतो, कारण पॅकेटे आपल्यापर्यंत पोहोचल्यावरच ती टाकता येतात. पण त्यामुळे पाठवणारा वेग कमी करतो, एवढा परिणाम पुरतो.

राउटरमध्ये ही शहाणी रांग नसेल आणि जुन्या पद्धतीचे नियमच असतील, तर ओळखायला पोर्ट उपयोगी पडतात. टीम्सचा आवाज आणि चित्र यूडीपी ३४७८ ते ३४८१ वरून जाते, झूमचे ८८०१ ते ८८१० वरून, गूगल मीटचे ३४७८ आणि १९३०२ ते १९३०९ वरून. याहून सोपे म्हणजे काम करणाऱ्या लॅपटॉपलाच अग्रक्रम देणे. पण तोच लॅपटॉप मीटिंग चालू असताना मोठी फाइल चढवू लागला तर त्या फाइललाही अग्रक्रम मिळतो, हे ध्यानात ठेवावे.

कार्यालयातल्या आयपी फोनांना आणखी एक हिशेब लागतो. दहा फोन एकाच वेळी जी.७११ वर बोलू लागले तर ८७० किलोबिट दोन्ही दिशांना हवेत. अपलोडच त्याहून कमी असेल तर कोणताही अग्रक्रम त्यांना वाचवणार नाही. तिथे एकाच वेळी होणाऱ्या कॉलांची संख्या एक्स्चेंजवर मर्यादित करावी, किंवा ८ किलोबिटची जी.७२९ सारखी पद्धत वापरावी. जुन्या टेलिफोनची 'लाइन व्यस्त' ही शिस्त इथे पुन्हा लागते.

एक धोका विकत घेण्याआधीच माहीत असावा. वेग आवरून शहाणी रांग चालवण्याचे काम राउटरच्या प्रोसेसरला करावे लागते. स्वस्त राउटर एरवी ही वाहतूक वेगळ्या चिपवरून पुढे ढकलतात, क्यूओएस चालू करताच ती सोय बंद पडते आणि एकूण वेग दणकून खाली येतो. शेकडो मेगाबिटची फायबर जोडणी असेल आणि भाराखालीही विलंब वाढत नसेल, तर काहीच चालू न करणे हाच योग्य उपाय.

घरातली हवा, गावातली हवा

फायबर घरापर्यंत आली की तक्रारीचे केंद्र वायफायकडे सरकते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच आहेत: १, ६ आणि ११. शेजारच्या घरांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह सगळे तिथेच. दूरच्या खोलीतला एक मंद फोन एका पॅकेटसाठी इतका वेळ हवा अडवतो की जवळच्या लॅपटॉपचा कॉल अडखळतो.

वायफायलाही स्वतःचा अग्रक्रम आहे. २००५ च्या ८०२.११ई मानकाने आवाज, चित्र, साधी वाहतूक आणि मागे चालणारी कामे असे चार वर्ग केले. त्यात एक मजेशीर विसंगती आहे. आवाजाच्या ४६ या क्रमांकाचे पहिले तीन बिट घेतले तर ५ येतो, आणि वायफायमध्ये ५ हा वर्ग चित्राचा आहे. आवाजाचे वर्ग ६ आणि ७. म्हणजे आवाजाची चिठ्ठी लावलेले पॅकेट अनेक उपकरणांत चित्राच्या रांगेत उभे राहते. ही गफलत दूर करणारी शिफारस २०१८ मध्ये आली. पण घरच्या माणसाने यात न शिरता कामाचा लॅपटॉप तारेने जोडावा. ते जमत नसेल तर राउटर मधल्या खोलीत उंचावर ठेवून ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा. दहा मीटर तारेने जो फरक पडतो, तो राउटरच्या कोणत्याही पानावरचा नियम पाडत नाही.

फायबर न पोहोचलेल्या वाड्यावस्त्यांवर नेट हवेतून येते. कुठे स्थानिक सेवापुरवठादाराची टेकडीवरून रोखलेली अँटेना असते, कुठे ४जी-५जी चा डबा. एअरफायबरसारख्या सेवा २०२३ मध्ये पुणे शहरात सुरू झाल्या. यात वेग स्थिर नसतो. दुपारी ५० मेगाबिट देणारी जोडणी संध्याकाळी गर्दीच्या वेळी १० वर येते, आणि मुळशीच्या पावसाळ्यात भिजलेली झाडे मध्ये आली की आणखी खाली. मग राउटरवर घातलेली ४५ ची मर्यादा निरुपयोगी होते, कारण रांग पुन्हा टॉवरवर गेली. विलंब बघून मर्यादा सतत खालीवर करणाऱ्या स्वयंचलित स्क्रिप्ट आल्या आहेत, पण त्या हौशी लोकांच्या हातात आहेत. सामान्य घरात अशा वेळी मर्यादा सर्वांत वाईट वेळेच्या वेगाला धरून घालणे आणि फोनचे फोटो-बॅकअप रात्रीवर टाकणे हाच व्यवहार्य मार्ग.

कंपनीचा अग्रक्रम आणि आपला

एक अनुभव अनेकांना कोड्यात टाकतो. तोच फोन, तोच टॉवर. साधा कॉल स्वच्छ लागतो आणि लगेच लावलेला व्हॉट्सॲप कॉल तुटतो. कारण २०१६ मध्ये जिओने देशभर नेलेल्या व्होल्टे पद्धतीत साधा कॉलही पॅकेटांनीच जातो, पण त्याला टॉवरवर वेगळा वर्ग मिळतो: हमखास वेग आणि १०० मिलिसेकंदांचे विलंबाचे बंधन. व्हॉट्सॲपचे पॅकेट मात्र व्हिडिओ आणि डाउनलोडच्या सामान्य रांगेत, जिथे हेच बंधन ३०० मिलिसेकंदांचे असते. इथे रांगही आहे आणि ती ज्याच्या ताब्यात आहे त्यानेच अग्रक्रम दिला आहे. म्हणून तो लागू पडतो.

मग कंपन्यांनी सगळ्याच बोलण्याला असा वर्ग का देऊ नये? हा प्रश्न नेट न्यूट्रॅलिटीच्या वादाला भिडतो. दूरसंचार नियामक ट्रायने फेब्रुवारी २०१६ मध्ये मजकुरानुसार वेगळे दर लावण्यावर बंदी घातली, आणि नोव्हेंबर २०१७ च्या तिच्या शिफारशी दूरसंचार विभागाने जुलै २०१८ मध्ये स्वीकारल्या. कंपनीने एका ॲपला पुढे आणि दुसऱ्याला मागे ठेवू नये, हे त्याचे सार. वाजवी वाहतूक-व्यवस्थापन आणि विशेष सेवा यांना सूट आहे, आणि व्होल्टे त्या सवलतीत बसते. ही भूमिका रास्त आहे. कंपनीला ॲप निवडण्याचा हक्क दिला तर अग्रक्रम विकाऊ होतो. घराच्या राउटरवर आपण स्वतः निवड केली तर त्यात कोणावर अन्याय नाही.

डोंगराआड मोबाइलची रेंज येत नसेल अशा घरांना या दोन्हींच्या मधला मार्ग उपलब्ध आहे. २०१९ च्या अखेरीपासून भारतात वायफाय कॉलिंग सुरू झाले. यात साधा कॉल घरच्या वायफायवरून कंपनीपर्यंत कुलूपबंद बोगद्यातून जातो. हा बोगदा यूडीपी ५०० आणि ४५०० या पोर्टांवर चालतो, आणि आत काय आहे ते राउटरला दिसत नाही. त्यामुळे राउटरला आवाज ओळखता येत नाही, पण ४५०० ला पुढे सोडा एवढा एक नियम पुरतो. घरून ऑफिसचा व्हीपीएन वापरणाऱ्यांनी मात्र जपून, कारण अनेक व्हीपीएनही त्याच पोर्टावरून जातात आणि त्यांच्यातल्या फाइलींना फुकट अग्रक्रम मिळतो.

निष्कर्ष

क्रम असा असावा. आधी लक्षण ओळखा. मग मोजा: राउटरच्या पत्त्यावर पिंग करा, म्हणजे पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते पाहा; अनेक घरांत तो पत्ता १९२.१६८.१.१ असतो. तिथेच आकडे उड्या मारत असतील तर दोष वायफायचा. ते स्थिर असतील तर बाहेरच्या पत्त्यावर पिंग चालू ठेवून एखादी मोठी फाइल चढवा. रिकाम्या वेळचे २० मिलिसेकंद भाराखाली ३०० झाले तर रांग सापडली. मर्यादा घाला, शहाणी रांग लावा. रिकाम्या वेळीही आकडे वाईट असतील तर सेवापुरवठादाराला हेच आकडे दाखवून तक्रार करा. पोर्टांचे आणि उपकरणांचे नियम सर्वांत शेवटी. बाजार मात्र नेमका उलट्या क्रमाने विकतो: आधी महाग राउटर, मग मोठा प्लॅन, आणि मोजणे कधीच नाही.

धोरणानेही आता वेगाच्या पलीकडे पाहायला हवे. २००४ च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे २५६ किलोबिट होते. तेव्हा १५०० बाइटचे एक मोठे पॅकेट पुढे जायलाच ४७ मिलिसेकंद लागत. जानेवारी २०२३ पासून व्याख्या २ मेगाबिट झाली, पण तीही डाउनलोडच्या वेगाचीच. बोलण्याला लागतो अपलोड, आणि त्याहून जास्त लागतो भाराखाली टिकणारा विलंब. पुढच्या वेळी जोडणी घेताना किंवा नूतनीकरण करताना 'किती एमबीपीएस?' एवढ्यावर थांबू नका. अपलोड किती आणि संध्याकाळी आठ वाजता फाइल चढत असताना पिंग किती, हे दोन प्रश्न विचारा, आणि उत्तर स्वतः मोजून तपासा.